दमानं घ्या

आधी गाडी मिनिटभर नुसती चालू ठेवा, मग बंद करा. किल्ली काढून खिशात टाका. बॉनेट उघडून दांडी लावा आणि दोन पावलं मागं येऊन उभे राहा. अजून कशालाही हात लावायचा नाही.

आपण कुठं आहोत तेवढं बघून घ्या. सोलापूर सोडलं, तामलवाडी मागं पडली, तुळजापूरचा चढ लागला आणि गाडीनं मान टाकली. बंद नाही पडली. बंद पडली असती तर एका अर्थी बरं झालं असतं, टोचन लावून नेली असती. ही चालते आहे, पण ओढत नाही. पाय तळाला टेकलाय तरी काटा वर सरकेना; चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. आरशात आपलाच काळा धूर. मागून आलेली एसटी हॉर्न देत ओलांडून गेली आणि तिच्या खिडकीतल्या आजीबाईंनी अशा नजरेनं बघितलं, की याचा काहीतरी नवस राहिलाय, म्हणून देवी वर येऊ देईना.

गाडी कडेला घेतलीत, बरं केलंत. बाभळीची सावली सापडली तर तिच्यात बसा, नाहीतर गाडीच्याच सावलीत. मोबाईल खिशात राहू द्या. फोन केला की पलीकडचा माणूस पहिल्याच वाक्यात सांगणार, 'टर्बो गेला.' न बघता, न ऐकता. एकदा ते कानात शिरलं की मग दुसरं काही ऐकू येत नाही. ते शिरण्याआधीचा हा अर्धा तास आपला आहे.

ऐका. बॉनेटखालून टिक्, टिक् असा आवाज येतोय. सुरुवातीला घाईघाईनं, मग अंतर ठेवून. एक्झॉस्टचं लोखंड निवतंय, आकसतंय. चढावर पाय दाबून धरला होता तेव्हा तिथून जाणारा धूर ७०० अंशांच्या आसपास तापलेला होता. त्याच्या अगदी शेजारी, गोगलगाईच्या शंखासारखं जे दिसतंय, तो टर्बो. आत्ता त्याला हात लावाल तर कातडी तिथंच राहील. तेव्हा दोन टिक्-टिक्मधलं अंतर मोजत बसा. ते वाढत वाढत एवढं वाढेल की पुढचा टिक् आलाच नाही हे तुमच्या उशिरा लक्षात येईल.

तोवर एक शब्द जिभेवर घोळवू.

'बूस्ट कमी आहे' असं आपल्याकडं कुणी बोलत नाही. तसं स्कॅनरच्या पडद्यावर येतं. गॅरेजात लोक म्हणतात, 'पिकअप गेलाय,' 'गाडी ओढत नाही,' आणि जुनी माणसं म्हणतात, 'दम नाही राहिला गाडीत.' मला हा शेवटचा शब्द सगळ्यात नेमका वाटतो. जिना चढून आल्यावर लागतो तो दम. वांड पोराला बाप देतो तोही दम. उतावळ्या माणसाला सांगतात, दम धर. आणि हंडीला देतात तोही दमच: झाकण ठेवायचं, कडेला कणकेची वळी लिंपायची, आतली वाफ आतच कोंडायची. टर्बोचं काम या शेवटच्या दमाच्या जवळचं आहे. हवा दाबून कोंडायची आणि इंजिनाच्या पोटात घालायची. आता डोळे मिटून ती हंडी बघा. निखारा पुरेसा आहे, तांदूळ चांगला आहे, मसाला बेताचा आहे. फक्त कणीक एका जागी, नखाएवढी, सुटलीय. तिथून वाफेची एक बारीक रेघ वर जातेय. आत भात शिजणार नाही, आणि घरातलं कुणीतरी म्हणणार, निखारा कमी पडला.

आता स्वतःच्या श्वासाकडं या. तो बदलायचा नाही, नुसता बघायचा. बसल्या जागी माणूस एका वेळी साधारण अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला १२ ते १६ वेळा. म्हणजे मिनिटाला सहा-आठ लिटर. तुमच्यासमोर जे इंजिन निवतंय ते दीड लिटरचं आहे असं धरा. २००० फेऱ्यांवर ते मिनिटाला दीड हजार लिटर हवा ओढतं. सुमारे २०० माणसं एकदम श्वास घेतायत, एवढी. हे टर्बोशिवाय. टर्बोनं दाब दुप्पट केला की तेवढ्याच पोटात जवळजवळ दुप्पट हवा मावते. बॉनेटखाली ३००-४०० माणसांची दिंडी चढ चढतेय.

आणि एवढी हवा कशाला? एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते. किलो म्हणतोय मी, लिटर नव्हे. हवेला वजन असतं हे शाळेत शिकलो आणि विसरलो. डिझेलचं इंजिन विसरत नाही. हवा कमी पडली की उरलेलं डिझेल अर्धवट जळून काळं होऊन मागं पडतं. मघाशी आरशात दिसला तो धूर म्हणजे न मिळालेली हवा होती.

मला एका जाणत्या माणसानं एकदा पटवून सांगितलं होतं, की तुळजापूर उंचावर, तिथली हवा पातळ, म्हणून गाडी घाटात दमते. ऐकायला बरं वाटतं. पण सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. तेवढ्यानं हवेच्या दाबात दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो. त्यानं कुणाची गाडी दुसऱ्या गिअरवर येत नाही. उलट पातळ हवेवरचा उतारा म्हणूनच टर्बो मोठा झाला. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं, पण तो खरा तापवून बघितला गेला १९१८ मध्ये, अमेरिकेतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांच्या डोंगरावर. सॅनफर्ड मॉस या माणसानं विमानाचं लिबर्टी इंजिन गाडीवर घालून तिथं चढवलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन माथ्यावर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ते ३५६ वर गेलं. तेव्हा बालाघाटाच्या डोंगराला बोल लावू नये. तो बिचारा एवढासा आहे.

इंजिन निवलं असेल. तरी हात पुढं करू नका. आपण आधी नुसत्या मनानं हवेच्या मागं मागं जाऊ, ती जिथून शिरते तिथपासून.

शिरते ती एअर फिल्टरमधून. आपल्या भागात फिल्टरचं आयुष्य कंपनीच्या पुस्तकावर ठरत नाही, मळणीवर ठरतं. दसरा-दिवाळीच्या दिवसांत सोयाबीन निघतं, शेताशेतात मळणीयंत्र चालतं, आणि रस्त्यावर जो पिवळसर भुसा तरंगतो त्यातून तुम्ही रोज जाता. पुढं उसाचा हंगाम, कच्च्या वाटा, ट्रॅक्टरच्या मागची धूळ. डबा उघडलाय असं समजा. कागदाच्या घड्या दिसतात. मूळ रंग शेवटच्या कोपऱ्यात तेवढा उरलाय. उशीवर तोंड दाबून धरलं आणि पळायला सांगितलं तर कसं वाटेल? तोच अनुभव. क्षणभर स्वतःच्या नाकावर तळहात ठेवून बघा. थोडी फट राहू द्या. चालता येतं, पळता येत नाही.

मग हवा शंखाच्या एका कप्प्यात शिरते. तिथं एक छोटं चाक आहे, पात्यांचं, फार तर पेढ्याएवढं. त्याच्याच दांड्यावर पलीकडच्या कप्प्यात दुसरं चाक आहे, धुरातलं. बाहेर टाकून द्यायचा धूर जाता जाता ते दुसरं चाक फिरवून जातो आणि त्या फिरण्यावर हे पहिलं हवा कोंबतं. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. म्हणजे सेकंदाला तीन हजारांच्या वर. तो कशावर टेकलाय? तेलावर. लोखंडाला लोखंड लागत नाही, मध्ये तेलाचा केसाहून पातळ थर, त्यावर तो तरंगत फिरतो. इथं जरा रेंगाळावं असं मला नेहमी वाटतं. एवढी घाई आणि एवढा मऊ आधार.

म्हणून चढ संपवून वर आलात की लगेच किल्ली फिरवू नये. मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवावी. चाक सावकाश होतं, तेल फिरत राहतं, ताप उतरतो. तुळजाभवानीसुद्धा दसऱ्याचं सीमोल्लंघन आटोपून पलंगावर श्रमनिद्रा घेते, थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. आपण टर्बोला एक मिनिट देत नाही. गरम दांड्यावर तेल थांबतं, करपतं, त्याची खर बसते. अशा वर्षानुवर्षांच्या घाईनं जो टर्बो मरतो तो खरोखर मेलेला असतो: निळसर धूर, तेलाची पातळी खाली, फिल्टरकडची नळी काढून बोटांनी दांडा हलवला तर तो आत-बाहेर खेळतो, पाती भिंतीला घासलेली. हे बघायचं ते इंजिन बंद आणि थंड असताना, चालू असताना तिथं बोट नेण्याचा विचारसुद्धा नको. थोडासा आडवा हलला तर घाबरू नका, तेवढी जागा तेलासाठी ठेवलेलीच असते.

पुढं चला. दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला चटका देतं तसं. तापलेली हवा फुगते, वजनाला हलकी भरते. म्हणून ती एका जाड रबरी नळीतून पुढच्या जाळीमागच्या इंटरकूलरमध्ये जाते, निवते, आणि दुसऱ्या नळीतून इंजिनाकडं येते. या दोन नळ्या, त्यांच्या चार तोंडांवरचे क्लॅम्प आणि इंटरकूलरची प्लास्टिकची टोकं. ही हंडीची कणीक. दम कमी झाल्याच्या तक्रारीतल्या कितीतरी इथंच मिटतात. फुटकी नळी गाडी उभी असताना दिसत नाही. दाब आला की उकलते, दाब गेला की ओठ मिटल्यासारखी बसते. क्लॅम्पखालची चीर तर आयुष्यभर लपून राहू शकते. पण मागं खूण ठेवते. या नळ्यांत तेलाचा किंचित अंश हवेबरोबर फिरत असतोच. जिथून हवा सुटते तिथं तो बाहेर येतो, त्यावर आपल्या मातीची धूळ बसते आणि एक काळा, ओलसर डाग तयार होतो. मनातल्या मनात त्या नळीवरून हात फिरवा. वरून नव्हे, खालून. डाग बहुधा खालच्या अंगाला असतो, जिथं आपण बघत नाही.

आता थांबा. कारण इथं मला तेरला जायचंय.

धाराशिवहून तेर काही लांब नाही. तेरणेच्या काठचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावानं परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होतं, आणि तिथल्या संग्रहालयात सातवाहनांच्या काळातली खापरं बघायला मिळतात. पण आपल्या लोकांना तेर आठवतं ते गोरोबाकाकांमुळं. ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी जमलेली, मुक्ताईनं विचारलं, काका, हे थापटणं कशाचं? मडकं पक्कं की कच्चं ते बघायचं. मग यातलं कोणतं मडकं कच्चं, तेही सांगा. आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत फेरी केली. बाकीचे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. ते मडकं कच्चं निघालं.

या गोष्टीचा अर्थ कीर्तनकार सांगतात तो आहेच. मी तिच्याकडं कामाच्या अंगानं बघतो. कुंभार मडकं फोडून बघत नाही. उजेडात धरूनही त्याला पुरतं कळत नाही. तो वाजवतो आणि ऐकतो. मारायचं हळू, ऐकायचं जास्त. शिवाय तो सगळ्यांना मारतो, एकाला धरून बसत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्या एकट्या मडक्याला दहा वेळा थापटलं तर शेवटी तेही कच्चंच वाजणार.

तर आता ऐकायचं. पण ऐकण्याला एक अट आहे: उभ्या गाडीला रेस देऊन टर्बोची परीक्षा होत नाही. ओझं नसलं तर तो मनावर घेत नाही. चढ हवा, तिसरा गिअर हवा, पाय दाबलेला हवा. काचा खाली, गाणी बंद, शेजारच्यानं बोलायचं नाही. निरोगी टर्बोची शीळ बारीक असते, चढत जाते, तलवार म्यानातून काढल्यासारखी. हवा सुटत असेल तर 'सुस्स' असा रुंद, फाटका आवाज येतो, आणि पाय काढला की एकदम जातो. टर्बोच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर फट्-फट् असा कोरडा आवाज. धूर चाक फिरवण्याआधीच निसटतोय. शीळही नाही आणि सुस्सही नाही, नुसती शांतता असेल, तर चाकाला कुणी हाकच मारत नाहीये.

या शांततेनं मला एकदा चांगलंच शिकवलं.

माझी जुनी डिझेल गाडी. दिवाळीनंतरचे दिवस, सोयाबीनची पट्टी नुकतीच हातात आलेली. याच चढावर ती अशीच बसली. एका मोठ्या गावातल्या गॅरेजात दाखवली. त्यांनी मशीन लावलं, कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. 'टर्बो बदलावा लागेल, ४५ हजार.' कोडनं एवढंच सांगितलं होतं की दाब कमी आहे. ते मला घाटातच कळलं होतं, आरशातून. पण मशीननं सांगितलं की आपण मान डोलावतो. पट्टीचे पैसे मोजून बाजूलाही काढले होते मी.

मग कुणीतरी म्हणालं, धाराशिवात चाचांना एकदा दाखव. चाचांचं वय सत्तरीच्या पुढं, गॅरेज पोरगा बघतो. चाचा बाजेवर बसून होते. उठले नाहीत. मला विचारलं, 'रात्री गाडी कुठं लावता?'

मला प्रश्नच कळेना. म्हटलं, 'घराशेजारी. शेडमध्ये.'

'शेडमध्ये अजून काय आहे?'

'पोती. सोयाबीनची.'

चाचांनी पोराकडं बघितलं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकदमच काहीतरी आलं.

पोरानं स्कॅनर लावला, पण कोड बघितला नाही. किल्ली चालू, इंजिन बंद, आणि दाबाचा आकडा बघितला: ९४. म्हणाला, 'ही आपली धाराशिवची हवा.' समुद्राकाठी तो १०१ दिसेल, सोलापुरात ९६ च्या जवळ, इथं ९३-९४. इंजिन बंद असताना सेन्सर गावची हवा खरी सांगतोय, म्हणजे पुढंही खोटं बोलणार नाही. हे मला फार आवडलं. माणूस काही करत नसताना काय बोलतो ते आधी ऐकून ठेवायचं. मग आम्ही बायपासला एक चक्कर मारली. पडद्यावर दोन आकडे एकाखाली एक होते: इंजिनानं मागितलेला दाब २२०, मिळालेला १३०.

हे दोन आकडे जरा डोळ्यांपुढं धरून बसा. मागणं आणि मिळणं. वरचा आकडा चूक नाही. इंजिनाला चढासाठी तेवढं हवंच आहे. खालचाही खरा आहे. मधले ९० कुठं गेले? गॅरेजवाला म्हणाला होता, देणाराच मेला. पण देणाऱ्यापर्यंत मागणं पोचलं का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

परत आल्यावर चाचा उठले. इंजिन चालू करायला लावलं आणि टर्बोच्या बाजूला पितळी डब्यासारखं जे असतं त्याच्या बारक्या दांडीकडं बोट केलं. इंजिन चालू होताना ही दांडी ओढली गेली पाहिजे. तिच्यामुळं धुराच्या कप्प्यातल्या झडपा मिटतात, वाट अरुंद होते, धूर जोरानं चाकावर येतो. नदीचं पात्र चिंचोळं झालं की पाण्याला ओढ येते तसं. दांडी हलली नाही. बंद-चालू, बंद-चालू. ढिम्म.

मग चाचांनी जे केलं ते मी अजून डोळे मिटून बघतो, तुम्हीही बघा. त्यांनी डब्यावरची काडीएवढी रबरी नळी काढली. खिशातून एक स्वच्छ तुकडा काढून तिथं लावला, त्याचं दुसरं टोक ओठांत धरलं, आणि गाल आत ओढून श्वास घेतला. गालांची हाडं वर आली, गळ्याच्या शिरा ताणल्या. आणि ती दांडी, ४५ हजारांची मेलेली दांडी, अर्धी का होईना, हळूच वर सरकली. चाचांनी नळीचं तोंड जिभेनं दाबून धरलं. दांडी तिथंच थांबली. आम्ही तिघं बघत राहिलो. सोडल्यावर ती टक् करून खाली आली.

'ही बरी आहे,' चाचा खोकत म्हणाले. 'हिच्यापर्यंत ओढ येत नाही.'

ओढ न येण्याचं कारण बॅटरीच्या मागं, एका वळणावर होतं. नळीच्या अंगावर दोन इवल्या अर्धगोल खाचा. उंदराच्या दातांचे ठसे. सोयाबीन खाऊन तोंडपालट म्हणून त्यानं रबर चाखलं असावं. हातभर नळी बदलली, दीडशे रुपये झाले. फिल्टरही बदलला, तो काळाठिक्कर होताच, त्याचे वेगळे. चक्कर मारली तेव्हा मागितलेले २२०, मिळालेले २१४.

सगळ्याच गाड्यांची तऱ्हा अशी नसते, हे सांगितलं पाहिजे. काही टर्बोंत ही दांडी ओढीवर न चालता दाबावर चालते. तिथं नळी फाटली तर दम कमी होण्याऐवजी भलताच वाढतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी गाळणारं फिल्टर असतं. गावातल्या गावात फिरून ते तुंबलं की धुराला बाहेर पडता येत नाही, आणि ज्याला श्वास सोडता येत नाही त्याला घेताही येत नाही. हे करून बघा: श्वास भरा, अर्धाच सोडा, त्यावर पुन्हा भरा, पुन्हा अर्धाच सोडा. चौथ्या वेळी छाती भरलेली असते आणि तरी गुदमरायला होतं. झडपा काजळीनं अडकतात, त्याही अशाच सावकाश. सेन्सर मळतात. तेव्हा चाचांचा उंदीर तुमच्या गाडीत शोधत बसू नका.

पण चाचांचा प्रश्न मात्र घेऊन जा. गाडी रात्री कुठं असते? कालपर्यंत चांगली होती तर काल आणि आज यांच्यामध्ये काय घडलं? कुणी सर्व्हिसिंग केलं, नळी काढून परत बसवली, क्लॅम्प नीट आवळला का? पावसाचं पाणी साचलं होतं का वाटेत? एकदम दम गेला की महिनोन्महिने उतरत गेला? एकदम गेला असेल तर काहीतरी सुटलंय नाहीतर फुटलंय. हळूहळू गेला असेल तर काहीतरी तुंबलंय. हे सगळे प्रश्न स्वतःला विचारा, आणि उत्तर यायला वेळ द्या. उत्तर बहुधा डोक्यात आधीपासून असतं, फक्त ते गाडीशी जोडलेलं नसतं.

टिक्-टिक् केव्हाच थांबलीय. उन्हं कललीत. आता हात लावायला हरकत नाही.

जाड नळीखालून हात घाला. तळव्याला काय लागतंय? कोरडं की ओलसर? क्लॅम्प चिमटीत धरून हलवा. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा चारही लागल्यात का बघा. एक उघडी राहिली की धूळ सरळ आत जाते. बाटलीतल्या पाण्यात साबणाचा तुकडा विरघळवून सांध्यावर सोडता आला तर उत्तम, नसेल तर धाराशिवला पोचल्यावर. पंक्चरवाल्याच्या हवेनं, अगदी बेतानं, नळीत दाब भरला की फुगे स्वतःच जागा दाखवतात. बारीक नळ्या डोळ्यांनी नको, बोटांनी तपासा, आंधळ्यासारख्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये बोट उचलायचं नाही.

काही सापडलं तर बरं. नाही सापडलं तरी बॉनेट लावा, दुसऱ्या गिअरवर, कडेकडेनं, धूर न काढता वर चला. मागच्यांना जाऊ द्या.

मी घरी आल्यावर पोती माळवदाच्या खोलीत हलवली आणि शेडमध्ये पिंजरा लावला. तीन दिवस पिंजरा रिकामा. पुढच्या मंगळवारी तुळजापूरला निघालो, तामलवाडी गेली, चढ आला. काचा खाली केल्या. गाडी तिसऱ्यावर घेतली, पाय दाबला. आधी नुसता वारा. मग टायरचा आवाज. मग त्या दोन्हींच्या खालून, कुणीतरी लांब शेतातून शीळ घालावी तशी, ती बारीक रेघ वर येऊ लागली.